धूळ बसेना

१

धुळीशी तिचं वैर होतं आणि त्याच वैरावर तिचं पोट चालत होतं. वेधशाळेच्या तळमजल्यावर एक लांबोडकी खोली होती. तिच्या भिंतींना लाकडी कपाटं होती आणि कपाटांत कागदी पाकिटांतून उभ्या ठेवलेल्या काचा होत्या. एकेका काचेवर आकाशाच्या एकेका तुकड्याचा फोटो. फोटो उलटा, म्हणजे आकाश पांढरं आणि तारे काळे. तारा जितका तेजस्वी, तितका त्याचा ठिपका मोठा आणि काळाकुट्ट. तिच्या आजोबांच्या पिढीतल्या माणसांनी थंडीत कुडकुडत, जागरणं करून काढलेले ते फोटो ही दिवसाउजेडी, खुर्चीत उशी घेऊन आणि चहा पिऊन बघायची. त्याची तिला कधीकधी लाज वाटायची, पण चहा सोडण्याइतकी नाही.

काम सोपं होतं, म्हणजे सांगायला सोपं. काच उजेडाच्या पेटीवर ठेवायची. रबरी फुग्याने फुंकर मारून धूळ उडवायची, उरलेली मऊ कुंचल्याने काढायची. मग श्वास आवरून डोळ्याला भिंग लावायचं आणि नेमून दिलेला तारा शेजारच्या ताऱ्यांशी ताडून बघायचा. ह्याच्याहून मोठा, त्याच्याहून लहान. हे काम करायला यंत्रही होतं, पण जुन्या काचांवरचा डाग कुठला आणि तारा कुठला हे यंत्राला कळायचं नाही. तिला कळायचं. "बारीक फरक आहे," असं ती दिवसातून इतक्या वेळा म्हणायची की अंगाने चांगली भरलेली असूनही अख्खी वेधशाळा तिला बारीकबाई म्हणायची. नवरा तर हे नाव कळल्यावर दिवसभर हसत होता.

त्या वर्षी तिच्या वाट्याला एकच तारा आला होता. तरुण तारा. अशा ताऱ्याभोवती धुळीचं आणि वायूचं एक कडं फिरत असतं आणि त्यातलं थोडं थोडं ओढून घेत तो वाढतो, असं मॅडमनी तिला पहिल्याच दिवशी समजावलं होतं. मॅडम वयाने तिच्याहून लहान आणि हुद्द्याने मोठ्या, त्यामुळे दोघी एकमेकींना अहो-जाहो करायच्या. ह्या ताऱ्याने म्हणे फार वर्षांपूर्वी एकदम मोठा घास घेतला होता. कोणाच्या खिजगणतीत नसलेला तो ठिपका काही महिन्यांत शंभर पटींनी उजळला आणि तेव्हापासून अगदी सावकाश, पिढ्यान् पिढ्या पुरेल इतक्या सावकाश, मावळत होता. त्या घासाच्या आधीच्या आणि नंतरच्या सगळ्या काचा तिला बघायच्या होत्या.

"घास घेतो आणि मग काय करतो?" तिने विचारलं होतं.

"उजळतो," मॅडम म्हणाल्या. "आणि कडं पुन्हा भरायची वाट बघतो."

२

सुट्टीच्या दिवशी ती घरातली धूळ काढायची. म्हणजे आठवडाभर पगार घेऊन जे करायची तेच एक दिवस फुकट करायची. त्या सकाळी ती स्टुलावर चढली, कपाटाच्या डोक्यावरून ओलं फडकं फिरवलं आणि फडक्याकडे बघितलं. ते स्वच्छ होतं.

पंख्याची पाती बघितली, दाराच्या वरची कड बघितली, पलंगाखाली हात घातला. कुठेच काही नाही. कोणी पुसलं म्हणून तिने नवऱ्याला विचारलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि घरी आला की हात धुण्यापलीकडे कशाची सफाई त्याने केल्याचं कोणाला आठवत नव्हतं. तो म्हणाला, देव पावलाय तर बोट का दाखवतेस, गप्प बस.

दुसरी कोणी असती तर गप्प बसली असती. पण धूळ नाहीशी होत नाही, ती फक्त जागा बदलते, हे तिच्या हाडात मुरलेलं होतं. वेधशाळेत एक पद्धत होती. कपाटावर एक कोरी काच ठेवून द्यायची आणि तिच्यावर किती धूळ जमते ते बघून खोलीच्या खिडक्या नीट बंद होतात की नाही हे ओळखायचं. तिने तशीच एक कोरी काच आणून घरच्या कपाटावर ठेवली. आठवड्याने काढली तेव्हा तिच्यावर तिची स्वतःची बोटं उमटली होती तेवढीच. ऑफिसातली काच तोवर दुधाळ झाली होती.

तिला हे काही बरं वाटलं नाही. पण घरात तेव्हा इतकं चांगलं चाललं होतं की असल्या गोष्टीवरून तोंड पाडून बसणं शोभलं नसतं.

चांगलं म्हणजे आबांचं. आबा तिचे सासरे. उभा जन्म त्यांनी बस चालवली आणि मागच्या वर्षी एका सकाळी दाढी करता करता त्यांचं अर्धं अंग गेलं. तोंड वाकडं झालं, एक हात पडला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता फक्त सांभाळा. घरातल्या बोळाच्या टोकाला एकमेकींना लागून दोन खोल्या होत्या. एक आबांची आणि एक ठिपकीची. दोघांच्या पलंगांमध्ये फक्त एक भिंत.

ठिपकी ही तिची मुलगी. दिवस पुरे होण्याआधीच जन्मली, तळहातावर मावेल एवढीशी, म्हणून ठिपकी. त्या दिवसांत आबा ह्या नातीला सदऱ्याच्या आत उघड्या छातीशी घेऊन तासन् तास बसायचे, कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं की हिला माणसाची ऊब हवी. सुनेला झोप मिळावी म्हणून बसायचे. सख्ख्या बापाने केलं नसतं ते ह्या माणसाने केलं, आणि ती ते विसरलेली नव्हती.

आता ठिपकी शाळेत जात होती आणि शाळेतून आली की दप्तर टाकून थेट आबांच्या खोलीत. आबा ड्रायव्हर आणि ती कंडक्टर. आबांच्या चांगल्या हातात स्टीलचं ताट स्टिअरिंग म्हणून दिलेलं. एक टण् म्हणजे थांबा, दोन टण् म्हणजे चला. ठिपकी जुन्या तिकिटांचं भेंडोळं घेऊन पलंगाभोवती फिरायची आणि घसा ताणून ओरडायची, "पुढे सरका, पुढे सरका, आत जागा आहे!"

आणि ह्या खेळात आबा बरे होऊ लागले. आधी ओठाचा कोपरा वर आला. मग बोटं हलली. मग चेहऱ्यावर तुकतुकी आली, तीही अशी की शेजारची माणसं दारातूनच म्हणायची, वा आबा, लग्नाला उभं करायला हरकत नाही. डॉक्टर तपासून गेले आणि जाताना जिन्यात थोडा वेळ उभे राहिले. मी ह्याला काही नाव देणार नाही, म्हणाले.

३

ठिपकी मात्र वाळली. आधी ते कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण घरातलं एक माणूस उजळत असलं की सगळ्यांचे डोळे तिकडेच असतात. ताटातलं ताटातच राहायचं. दुपारी खेळता खेळता डोळे मिटायचे. रक्त तपासलं तर सगळं ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, वाढीचं वय आहे, ह्या वयात पोरं अशीच काटकुळी होतात.

तिची खोली मात्र नीट बघण्यासारखी झाली होती. पडद्यावरची लाल फुलं विटून चहाच्या डागासारखी झाली होती. गोधडीचा हिरवा काठ राखाडी पडला होता. बाहुलीच्या डोळ्यांचा निळा रंग गेला होता आणि ती आता आंधळ्यासारखी बघायची. बोळात ठेवलेल्या कुंड्यांमधली रोपं खोल्यांच्या बाजूने पांढुरकी आणि दाराच्या बाजूने हिरवी होती. ऊन लागलं असेल, नवरा म्हणाला. बोळात ऊन संध्याकाळी घटकाभर यायचं, तेही आलं तर.

एकदा ठिपकी सोफ्यावरच झोपली म्हणून ती तिला उचलायला गेली आणि तिला दोनदा प्रयत्न करावा लागला. पोर जड लागली. ओल्या वाळूच्या पोत्यासारखी. हाडं दिसतायत आणि उचलवत नाही, म्हणजे आपलीच ताकद गेली, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. खरंच तिला हल्ली थकवा यायचा. डाव्या कानामागे केसांची एक बटही पांढरी झाली होती.

त्या रात्री भांडी घासताना तिचं लक्ष आपल्या डाव्या हाताकडे गेलं. मनगटाच्या वर उकळत्या तेलाचा जुना डाग होता, लग्नाच्या आधीपासूनचा. तो नव्हता. कातडी नव्या कागदासारखी कोरी होती. तिने दुसरा हात वळवून बघितला. उजव्या कोपराजवळचा काळा तीळ जिथल्या तिथे होता. तो तिच्या आईलाही होता आणि तिच्या धाकट्या बहिणीलाही.

ठिपकीला झोपवताना ती रोज डावा हात उशासारखा द्यायची. हे तिला आठवलं, पण त्याचा धागा कुठे जोडायचा ते तिला कळलं नाही.

४

एका संध्याकाळी ती लवकर घरी आली. बोळात ऊन आलं होतं, आडवं आणि पिवळं, आणि त्या उन्हात धुळीचे कण दिसत होते. घरात धूळ आहे हे बघून तिला आधी बरंच वाटलं.

मग ती चप्पल काढता काढता थांबली. उन्हातली धूळ कशी असते ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक? ती भरकटते, वर जाते, खाली येते, तिला घरदार नसतं. ही धूळ एका दिशेने चालली होती. सभा सुटल्यावर माणसं शांतपणे घरी निघतात तशी. घाई नाही आणि रेंगाळणंही नाही. सगळे कण बोळाच्या टोकाकडे जात होते आणि तिथे वळत होते.

ती त्यांच्या मागून गेली. आबांच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. पडदे ओढलेले, दिवा बंद, आणि तरी आत भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा वाचता येत होत्या. आबा झोपले होते. ठिपकी जमिनीवर गुडघे टेकून, त्यांच्याच उशीवर डोकं ठेवून, दाराकडे पाठ करून झोपली होती. तिच्या मुठीत तिकिटांचं भेंडोळं होतं. आणि त्या एका उशीवरच्या दोन डोक्यांवर धुळीचं एक कडं फिरत होतं. सावकाश, जरासं तिरकं.

तिने श्वास रोखला. काचेवर फुंकर पडू नये म्हणून रोखतात तसा, निव्वळ सवयीने. आबांचा चेहरा असा उजळला होता की त्यांच्यासमोर कोणी खिडकी उघडली असावी. ठिपकीचा चेहरा तिला दिसत नव्हता. दिसत होती ती तिची काडीसारखी मान.

मोठा आणि लहान. कोण वाढतंय आणि कोण झिजतंय हे बघायला तिला भिंगाची गरज नव्हती.

तिने हाक मारली तेव्हा ठिपकी उठली आणि डोळे चोळत बाहेर आली. कडं तेव्हाच विस्कटलं की नाही ते तिने बघितलं नाही, कारण तिने दार ओढून घेतलं होतं.

५

शाळेला सुट्टी लागायची होतीच. धाकटी बहीण दुसऱ्या गावी राहायची, बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. तिचं आणि तिच्या नवऱ्याचं कापडाचं दुकान होतं, खाली दुकान आणि वर घर. बहिणीला दिवस गेले होते, त्यामुळे पोर तिच्या गळ्यात घालायची तर हिच्या जिवावर आलं, पण बहीणच म्हणाली, पाठव गं, मला तेवढीच सोबत. नवऱ्याला हवापालट असं सांगितलं. तो म्हणाला, हवा तीच, पंखा वेगळा. तरी त्याने तिकीट काढलं, कारण वाळलेली पोर त्यालाही दिसत होती.

खरं कारण तिने कोणाला सांगितलं नाही. सांगणार काय? ज्या माणसाने माझ्या पोरीला छातीशी धरून जगवलं, तोच आता तिला संपवतोय? असलं वाक्य तोंडातून काढायला माणूस एक तर वेडा हवा नाहीतर कृतघ्न. पण मनाच्या तराजूत तिने आबांना आणि ठिपकीला घातलं होतं आणि कुठलं पारडं उचलायचं ते ठरवलं होतं. ती आई होती.

ठिपकी गेली आणि चारच दिवसांत कपाटावरच्या काचेवर धूळ बसली. राखाडी, मऊ, साधी धूळ. तिने त्या धुळीत बोटाने एक ठिपका काढला आणि स्टुलावर उभ्या उभ्याच रडली. सुटल्यासारखं वाटून रडली.

त्याच आठवड्यात आबांचा ओठ पुन्हा खाली आला. बोटं थांबली. चेहऱ्यावरची तुकतुकी अशी गेली की कोणी मागे उभं राहून वात खाली करत असावं. ती त्यांना भरवायची, पुसायची, कूस बदलायची, सगळं पहिल्यासारखं करायची, फक्त त्यांच्या डोळ्यांकडे बघायची नाही. एका दुपारी त्यांनी तिचा पदर धरला. खूप वेळ ओठ जुळवत राहिले आणि मग म्हणाले, "दिवा नेलास."

तिला ती तक्रार वाटली. भुकेल्याची तक्रार. तिने पदर सोडवून घेतला आणि बाहेर आली. त्या दिवशी तिला स्वतःची फार लाज वाटली, तरी ठिपकीला आणायचा विचार तिने मनात येऊ दिला नाही.

६

ऑफिसात मॅडम एक नवीन फोटो घेऊन आल्या. कुठल्याशा मोठ्या दुर्बिणीतून काढलेला, ताजा. त्यात बारीकबाईचा तारा एक नव्हता, दोन होते. एक मोठा आणि त्याला अगदी खेटून एक लहानसा. इतके जवळ, की जुन्या काचांवर दोघांचा मिळून एकच ठिपका उमटलेला.

घास मोठ्याने घेतला असंच आजवर सगळे धरून चालले होते, मॅडम म्हणाल्या. मोठा आहे, डोळ्यांत भरतो, मग उजळला असणार तोच. पण हे तपासता येईल. दोघांचा ठिपका एक झाला असला तरी त्या ठिपक्याचा मध्य मोजता येतो. दोघांतला जो उजळेल त्याच्याकडे मध्य सरकतो. "अहो, केसाएवढा सरकेल," मॅडम म्हणाल्या, "पण तुम्हाला दिसेल."

तिने घासाच्या आधीच्या काचा काढल्या आणि नंतरच्या काढल्या. मोजायच्या भिंगाचा स्क्रू फिरवून त्यातली बारीक रेघ ठिपक्यावर आणायची, आकडा वाचायचा, पुन्हा रेघ आणायची. दुपारपर्यंत तिला कळलं. खात्री करायला काचा उलटसुलट लावून पुन्हा मोजलं. मध्य लहानाकडे सरकला होता. नंतरच्या प्रत्येक काचेवर.

मॅडम आकडे बघून हसायला लागल्या. "म्हणजे इतकी वर्षं आपण चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो. तो मोठा बिचारा स्वस्थ बसलाय. भूक ह्या पिटुकल्याची."

"पण मोठा उजळलेला दिसतो तो?" तिने विचारलं.

"उसना उजेड. त्याच्याभोवती जी धूळ आहे तिच्यावर ह्याचा प्रकाश पडतो. हा मावळला किंवा लांब गेला तर तो पहिल्यासारखा दिसेल."

तिने भिंग खाली ठेवलं. मग तिने विचारलं, "लहानाचं कडं संपलं तर? मग तो कुठून घेतो?"

मॅडमना प्रश्न आवडला. "जे जवळ असेल त्यातून," त्या म्हणाल्या. "त्याला निवड कुठे असते?"

७

घरी येऊन तिने नवऱ्याला ठिपकीचा पलंग भिंतीपासून ओढायला सांगितलं. खाली काही पडलंय, म्हणाली. पलंग सरकला आणि दोघंही जागच्या जागी थांबली.

भिंतीला निळा रंग होता. नवऱ्यानेच दिलेला, जास्त पाणी घालून. आता त्या निळ्यात एक पांढरं वर्तुळ होतं. कडेला निळसर, आत फिकट आणि मधोमध असं पांढरं की खाली चुना दिसत होता. नवरा म्हणाला, ओल आली वाटतं. त्याने हात लावून बघितला. भिंत कोरडी होती.

ती पलीकडे आबांच्या खोलीत गेली. त्यांच्या उशीमागच्या भिंतीवर फक्त एक फिकट झाक होती. वर्तुळाची बाहेरची कड, भिंतीतून पाझरल्यासारखी. ती परत आली. मध्य काढायला तिला स्क्रू लागला नाही आणि रेघही लागली नाही. पांढऱ्याचा मध्य बरोबर तिथे होता जिथे ठिपकी रोज डोकं ठेवायची.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पोर जड लागली ती ह्याच हातांना. डाग गेला तो ह्याच हातावरचा. धुळीच्या मागून चालत जाऊन तिने बघितलं ते मोठ्याकडे, कारण तो उजळला होता, आणि लहानाची पाठ होती.

नवरा काय झालं म्हणून विचारत होता. तिने पाणी मागितलं. ते प्यायली आणि आबांच्या पलंगाशी जाऊन बसली. त्यांचे पाय धरले. "चुकले आबा," म्हणाली. आबा बघत राहिले. त्यांना सगळं कधीपासून माहीत होतं, की काहीच माहीत नव्हतं, ते त्या अर्ध्या चेहऱ्यावरून कोणालाच सांगता आलं नसतं.

तेवढ्यात फोन वाजला. बहीण होती. आवाज आनंदी.

ठिपकीचा पायगुण चांगला आहे बघ, बहीण सांगत होती. कापडाच्या दुकानात धूळ बसत नाही म्हणजे काय ते दुकानदारालाच विचार. ही आली आणि झटकणंच बंद झालं. एक निळा गठ्ठा तेवढा विटला, काचेतून ऊन आलं असणार. जेवत नाही म्हणून काळजी करू नको, हसतखेळत असते. दिवसभर मावशीला चिकटून असते.

"चिकटून म्हणजे?"

"पोटाला कान लावून बसते गं." बहीण हसली. "आणि बाळाला विचारते, आत जागा आहे का. ती आली की ते इतकं हलतं, काय सांगू. एकदम एका बाजूला येतं."

तिने शांतपणे सांगितलं की मी उद्याच तिला न्यायला येते. बहीण म्हणाली, इतक्यात कशाला, राहू दे की. ती म्हणाली, आबांना करमत नाही. आणि तोवर, ती पुढे म्हणाली, तिला तुझ्याजवळ झोपवू नकोस. लाथा मारते.

फोन ठेवून ती वळली. आबांनी चांगला हात उचलला होता. त्यांनी बोटाने पलंगाच्या लोखंडी कडेवर वाजवलं. टण्, टण्. दोनदा. चला.

८

परतीच्या बसमध्ये तिने सगळ्यात मागची सीट घेतली. आजूबाजूला कोणी नव्हतं आणि तिला तेच हवं होतं. बहीण स्टँडवर हात हलवत उभी होती, दुसरा हात पोटावर. ती जरा ओढलेली दिसत होती. पण उभी होती, हसत होती आणि बाळ पोटात होतं. वेळेत आलो, असं ती स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होती.

ठिपकी खिडकीशी बसली. पायांत चप्पल, हातात तिकिटांचं भेंडोळं, गालांची हाडं वर आलेली. जगातल्या कुठल्याही मुलीसारखी ती खिडकीला नाक लावून बाहेर बघत होती आणि मधूनमधून विचारत होती. आबा जेवले का? बाहुली कुठे झोपते? पडदा नवीन आणायचा का? तिच्या आईने सगळ्याची उत्तरं दिली. ह्या पोरीची तिला भीती वाटत होती का? वाटत होती. आणि त्या भीतीच्या खाली, जिथे ती पोहोचत नव्हती तिथे, लेक जवळ आल्याचं सुख होतं, अगदी पूर्वीइतकंच. दोन्ही एका वेळी असू शकतात हे तिला त्या दिवशी कळलं.

तिने वाटेत सगळं ठरवून टाकलं होतं. बहिणीला जपायचं, आबांना वाऱ्यावर सोडायचं नाही, आणि ठिपकीला कोणाकडे पाठवायचं नाही. पलंग आपल्या खोलीत आणायचा, भिंतीपासून लांब. नवऱ्याला बाहेरच्या सोफ्यावर घालवायचं, त्याच्या घोरण्याचं निमित्त आयतंच आहे. दिवसा थोडा वेळ आबांपाशी, म्हणजे त्यांचा दिवा चालू राहील. बाकी सगळा वेळ आईपाशी. जवळ जे असेल त्यातूनच घ्यायचं असेल, तर जवळ कोण असावं हे निदान आईने ठरवावं. ह्याला कोणी अक्कल म्हणणार नाही, पण तिच्याजवळ दुसरी नव्हती.

दुपार कलली आणि बसमध्ये आडवं ऊन आलं. पुढच्या सीटवरची माणसं पेंगत होती. त्यांच्या डोक्यांवरून, सामानावरून, विटक्या सीटच्या फाटक्या कापडावरून धूळ उठली आणि उन्हात चमकत, सावकाश, मागच्या बाजूला यायला लागली. ठिपकीने खिडकीतून तोंड वळवलं आणि त्या धुळीकडे बघितलं. ओळखीच्या प्रवाशांकडे बघतात तसं.

"पुढे सरका," ती हळूच म्हणाली. "आत जागा आहे."

मग तिला जांभई आली. ती आडवी झाली आणि तिने आईच्या मांडीवर डोकं टेकलं. आईला सीटचा लोखंडी दांडा धरावा लागला, इतकं ते जड होतं. रोजच्यासारखा तिने आपला डावा हात तिच्या गालाखाली सरकवला.

ठिपकीने डोळे मिटले, गाल हातावर घासला आणि मान हलवली.

"हा नको आई," ती झोपेतच म्हणाली. "दुसरा दे."

आईने डावा हात काढून घेतला. मग उजव्या हाताची बाही कोपराच्या वर सारली, तीळ होता तो भाग वर केला आणि तो हात लेकीच्या गालाखाली दिला.